स्थानिक म्हणजे हौशी नव्हे

मुंबई-पुण्याबाहेरच्या नटांना व्यावसायिक नाटकात घ्यावं का, हा वाद तिकडे महाराष्ट्रात अधूनमधून निघतोच. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘स्थानिक कलाकार म्हणजे हौशी. आणि फार्सला काय, मालिकेतला एक विनोदवीर घ्या, बाकी कुणीही चालतं.’ हे वाचलं की संताप येतो.

इथे इंग्लंडात ‘स्थानिक’ हा पत्त्याचा शब्द आहे, दर्जाचा नाही. त्याच गावात राहणारा नट इक्विटी या नटांच्या संघटनेचा सभासद असतो, स्पॉटलाइट या नटांच्या सूचीत असतो आणि आठवड्याला आठ प्रयोग करतो. इंग्लिश नाटककार ॲलन एकबर्न यांचा ‘टेकिंग स्टेप्स’ हा फार्स १९७९ साली लंडनच्या आधी स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी झाला. घराचे तिन्ही मजले एकाच सपाट जमिनीवर मांडलेले, चारही बाजूंना प्रेक्षक आणि नट नसलेले जिने चढतायत. हे हौशी माणसाचं काम नाही.

हिशेबही साधा आहे. लांबचा नट घेतला की पगारावर राहण्याचा भत्ता द्यावा लागतो. गावातला घेतला तर त्या पैशात तालमीचे चार दिवस वाढवता येतात, आणि फार्सला त्या चार दिवसांइतकं दुसरं काहीच उपयोगी पडत नाही. शिवाय रेल्वेच्या रविवारच्या दुरुस्तीकामांमुळे सोमवारी कुणी अडकून पडत नाही.

निवड मात्र नीट करावी लागते. सेल्फ-टेप, म्हणजे नटानं स्वतःच चित्रित करून पाठवलेली चाचणी, ही फक्त चाळणी. कॅमेऱ्यात छातीपर्यंतचा माणूस दिसतो, आणि फार्स चालतो पायांवर. रिकॉलला, म्हणजे चाचणीच्या पुढच्या फेरीला, चार-पाच जणांना एकत्र बोलवावं. जमिनीवर चिकटपट्टीनं सोफा आणि दोन दारं आखावीत, हातात भरलेला ट्रे द्यावा आणि एकच दीड पानाचा तुकडा तीनदा करून घ्यावा: आधी सावकाश, मग दुप्पट वेगानं, मग शब्दांशिवाय. तिसऱ्या वेळी खरा नट कळतो. तोंड बंद असतानाही तो काय लपवतोय हे दिसलं पाहिजे. जो खोलीतल्यांना हसवायला बघतो त्याला घेऊ नये. फार्समधल्या माणसाला आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसतो, तो खरोखर घाबरलेला असतो. आणि सगळ्यांत कसलेला नट थापा मारणाऱ्या मुख्य पात्राला नव्हे, त्या थापा ऐकून घेणाऱ्याला द्यावा. त्याचा विश्वास बसला नाही तर पुढची थाप उभीच राहत नाही.

दाराचंच घ्या. बिजागऱ्या रंगमंचाच्या मागच्या बाजूला आणि दार विंगेत उघडणारं, म्हणजे आतला पसारा झाकला जातो. खटका सैल असेल तर आपटलेलं दार परत उघडतं आणि लपलेला माणूस चार सेकंद आधीच दिसतो. विनोद मेला. भिंत म्हणून उभ्या केलेल्या फ्लॅटला, म्हणजे चौकटीला, मागून तिरका टेकू आणि त्यावर वजन नसेल तर अख्खं घर थरथरतं. हे सगळं नटाच्या हाताला माहीत व्हायला तेच दार रोज दिवसभर उघडावं-मिटावं लागतं. शूटिंगच्या तारखांतून वेळ काढून शेवटच्या आठवड्यात उगवणाऱ्या ‘चेहऱ्या’ला ते कुठून जमणार? बाकीचे मग त्याच्याभोवती वाट काढत खेळतात आणि वेग जातो. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांचा फार्स एकमेकांच्या श्वासावर चालायचा, हे तिकडच्यांनीच विसरावं?

आणि आपली ‘मोरूची मावशी’? अत्र्यांनी जिच्यावरून ती घेतली, ती ‘चार्लीज आंट’ २९ फेब्रुवारी १८९२ रोजी सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सच्या थिएटर रॉयलमध्ये प्रथम झाली. लंडन त्यानंतर. ते छोटंसं थिएटर आजही सुरू आहे.

लेस्टरमध्ये जन्मलेला गुजराती नटही इथे स्थानिकच, आणि व्हिकरची, म्हणजे गावच्या चर्चमधल्या पाद्र्याची, भूमिका त्याला मिळायलाच हवी. व्हिकरसमोर पँट गळली की का हसायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. माझ्या नाही. इतकी वर्षं इथे काढून त्या हशात मी अर्धा क्षण मागे असतो. मावशी पदर सावरते तेव्हा मात्र मला थांबावं लागत नाही.