‘व्याकरण सोडा, फक्त बोला’ या सल्ल्यात काय चुकते

लहान मूल व्याकरण न शिकता बोलू लागते. नियमांचा विचार करणारा बोलताना अडखळतो. इंग्रजी भाषकांत राहिले की इंग्रजी आपोआप येते. आणि समोरच्याला कळले म्हणजे झाले. या चार विधानांच्या आधाराने ‘व्याकरण सोडा, फक्त बोला’ हा सल्ला इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये सर्वत्र फिरत असतो. त्यातला बोलण्याचा आग्रह रास्त आहे, कारण काळांचे तक्ते मुखोद्गत असूनही दोन वाक्ये सलग बोलू न शकणारे पुष्कळ आहेत. आक्षेप आहे तो पहिल्या दोन शब्दांना.

मुलाचा दाखला खरे तर या सल्ल्याच्या विरोधात जातो. मूल पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी सुमारे वर्षभर केवळ ऐकत असते आणि पुढेही जागेपणाचा बहुतेक वेळ त्याच भाषेच्या सहवासात घालवते. आठवड्यातून चार-पाच तास सराव करणाऱ्या प्रौढाला तेवढा सहवास लाभत नाही. शिवाय प्रौढाच्या मनात एक भाषा आधीच पक्की झालेली असते. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे (आर्टिकल्स) नाहीत, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ मराठी भाषकाच्या कानावर पडूनही सहसा निसटतात, आणि जे कानाने टिपलेच नाही ते नुसत्या बोलण्याने जिभेवर कसे येणार? गंमत अशी, की या मताच्या समर्थनार्थ ज्यांचे नाव अनेकदा घेतले जाते ते भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशनदेखील बोलल्याने भाषा येते असे म्हणत नाहीत. त्यांच्या मते ती समजेल असे ऐकण्या-वाचण्यातून येते आणि बोलणे हा त्याचा परिणाम असतो.

दुसरे विधान अर्धे खरे आहे. वाक्याच्या मध्यावर नियम आठवू लागले की बोलणे अडते; पण हा दोष सरावाविना राहिलेल्या नियमाचा आहे. तोच नियम समजून घेऊन त्यावर आधारलेली स्वतःबद्दलची वाक्ये पुन्हापुन्हा बोलली, तर काही काळाने तो आठवावा लागत नाही.

तिसऱ्या विधानाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. हवाईत राहायला गेलेल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. वर्गातील शिक्षण जवळजवळ नसतानाही सुमारे तीन वर्षांत त्याची संभाषणक्षमता पुष्कळ वाढली, मात्र क्रियापदांच्या प्रत्ययांसारख्या व्याकरणाच्या अंगांत फारशी प्रगती झाली नाही. यामागचे कारण समजणे अवघड नाही. ‘आय डिडन्ट वेन्ट’ असे कोणी म्हटले तरी तो गेला नव्हता हे ऐकणाऱ्याला कळते आणि गप्पा पुढे सरकतात. ‘डिड’मध्ये भूतकाळ येऊन गेल्यावर क्रियापद मूळ रूपात हवे, हे सांगण्यासाठी कोणी संभाषण थांबवत नाही. अशी चूक शेकडो वेळा बोलली गेली की तीही सफाईदार होते, कारण सराव बरोबर आणि चूक असा भेद करत नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजत असे, तरी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून होत्या. त्यावरून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली असे मांडले, की नुसते ऐकणे पुरत नाही. स्वतः वाक्य रचावे लागले की रचनेकडे लक्ष जाते आणि आपल्याला काय येत नाही ते उमगते. बोलण्याच्या बाजूने दिलेला हा भक्कम युक्तिवाद आहे, आणि तोच व्याकरणाकडे घेऊन जातो.

राहिले शेवटचे विधान. ओळखीच्यांतल्या गप्पांपुरते ते मान्य करायला हरकत नाही. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या तोंडी परीक्षेत व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा समान भाराच्या चार निकषांपैकी एक आहे; आणि नोकरीच्या अर्जात तर हावभाव, स्वर किंवा समोरच्याचा समजूतदारपणा यांपैकी काहीच चुकीच्या वाक्याच्या मदतीला येत नाही.