खुब्यातलं इंजेक्शन दहा दिवसांत उतरलं, म्हणजे फसलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

खुब्याच्या झिजेवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "आईला ओपीडीतच कुशीवर झोपवून, दाबल्यावर जिथे दुखत होतं तिथे स्टिरॉइड दिलं. दहा दिवस बरं वाटलं, साखर तीनशेवर गेली आणि दुखणं पुन्हा जैसे थे. असल्या उपचाराची भलामण करण्यापेक्षा जेल आणि पीआरपीबद्दल का लिहीत नाही?" (जेल म्हणजे सांध्यात सोडायचं हायलुरोनिक आम्लाचं वंगण, पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा अर्क.)

साखरेचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. लेखात त्यावर एकच ओळ होती, ती पुरेशी नव्हती. सांध्यात सोडलेलं स्टिरॉइड थोडंफार रक्तात उतरतं. मधुमेह असेल तर साखर एक-दोन दिवसांत चढते, काहींची आठवडाभर चढलेली राहते. म्हणून त्या आठवड्यात घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसातून दोन-तीनदा तपासणी हवी. साखर अमुक आकड्यापुढे गेली तर गोळी किंवा इन्सुलिन किती वाढवायचं, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर घ्यावं. मुळातच साखर आटोक्यात नसेल तर इंजेक्शन पुढे ढकललेलं बरं.

आता सुईबद्दल. तुमच्या वर्णनावरून आईंच्या सांध्यात औषध गेलंच नसावं, अशी मला दाट शंका आहे. आपण कमरेच्या बाजूला हात ठेवून 'खुबा दुखतो' म्हणतो, पण तिथे हाताला लागतो तो मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा. त्यावरची पिशवी किंवा स्नायूबंध सुजले की कुशीवर झोपता येत नाही आणि दाबलं की कळ येते. खरा सांधा जांघेच्या आत, स्नायूंच्या जाड थराखाली असतो. तो झिजला की दुखतं ते बहुधा जांघेत. मांडी घालून बसता येत नाही, पायात मोजे चढवताना जीव जातो, पाय आत वळवला की कळ निघते. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असू शकतात, पण सुईची जागा वेगळी.

सांध्यातलं इंजेक्शन नुसत्या अंदाजाने देऊ नये, कारण जांघेतली मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जवळच असतात. रुग्णाला उताणं झोपवतात, त्वचा निर्जंतुक करतात, सोनोग्राफीचा प्रोब मांडीच्या हाडाच्या मानेच्या रेषेत धरतात. साधारण ९ सेंटीमीटरची, २२ गेजची (म्हणजे बारीक) स्पायनल सुई खालून-बाहेरून तिरकी घालून, हाडाचा गोळा आणि मान जिथे मिळतात तिथे समोरच्या आवरणाखाली नेतात. औषध सोडताना आवरण फुगताना पडद्यावर दिसलं पाहिजे. सी-आर्म (पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) वापरला तर आधी एक्स-रेत दिसणारा थोडा डाय सोडून जागेची खात्री करतात. नेहमीचं एक मिश्रण म्हणजे ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन (हे स्टिरॉइड) आणि ४ मिलिलिटर १ टक्का लिडोकेन (हे जागेवरच्या भुलीचं औषध).

म्हणून पहिला प्रश्न दहा दिवसांचा नाही, पहिल्या चार तासांचा आहे. लिडोकेन लगेच काम करतं. त्या वेळात जांघेतलं दुखणं बरंचसं थांबलं, तर दुखणं सांध्याचंच. सुई नीट सांध्यात जाऊनही काहीच फरक पडला नाही, तर कंबरेचा मणका तपासायला हवा. स्टिरॉइडचा गुण यायला दोन-तीन दिवस लागतात आणि मधल्या काळात एखाद-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. भुलीमुळे मांडी काही तास लुळी पडू शकते, म्हणून त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि जिना एकट्याने उतरायचा नाही. ताप आला, किंवा दुखणं तिसऱ्या दिवशीही वाढतच राहिलं, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

किती टिकतं? उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की आराम २ ते १० आठवड्यांचा धरावा. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९ रुग्णांची चाचणी आली. सोनोग्राफीखाली वर सांगितलेलंच मिश्रण दिलेल्यांचं दुखणं, नुसता सल्ला-व्यायाम मिळालेल्यांपेक्षा सहा महिन्यांच्या सरासरीत कमी होतं. मात्र त्यातल्या हृदयात कृत्रिम झडप असलेल्या एका रुग्णाचा हृदयाच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि इंजेक्शनशी संबंध शक्य मानला गेला. आईंना झडप बसवलेली असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगाच. इंजेक्शननंतरच्या या आरामाच्या आठवड्यांत मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू बळकट करायचे असतात. नुसतं बसून काढले तर हाती काही उरत नाही.

जेल आणि पीआरपी लेखात नव्हतं ते मुद्दाम. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शनात खुब्यासाठी दोन्हींच्या विरोधात ठाम शिफारस आहे आणि प्रतिमेच्या मदतीने दिलेल्या स्टिरॉइडच्या बाजूने तितकीच ठाम. गुडघ्यात जेलचा वाद तरी चालू आहे. झिजलेली कूर्चा परत उगवते असं सांगून पीआरपी विकलं जातं, ते मला सहन होत नाही. पीआरपी रुग्णाच्याच रक्तातून बनतं म्हणून निर्धोक वाटतं, पण त्याच पैशात कितीतरी फिजिओथेरपी होईल.

स्टिरॉइडलाही मर्यादा आहेत. पुन्हा पुन्हा किंवा ८० मिलिग्रॅमच्या डोसात घेतलं तर काही थोड्यांचा सांधा काही महिन्यांतच झपाट्याने कोसळल्याची नोंद आहे. दोन इंजेक्शनांत किमान तीन महिने हवेत. सांधा बदलायचं ठरत असेल तर ऑपरेशनआधीच्या तीन महिन्यांत सुई नको, संसर्गाचा धोका वाढतो. आणि सुईआधी ताजा एक्स-रे हवाच. चाळिशीच्या आतल्या, दारू किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या माणसाचं दुखणं झीज नसून हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याचं असू शकतं. कोविडनंतरचे असे तीन रुग्ण मुंबईतून २०२१ मध्ये नोंदवले गेले. तिथे एमआरआय आधी, सुईचा विचार नंतर.

आईंच्या कागदावर सुईची जागा, औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि सोनोग्राफीचा उल्लेख आहे का, ते बघून इथेच कळवा. पहिल्या चार तासांत जांघेतलं दुखणं कमी झालं होतं का, हेही त्यांना विचारा.