अण्णा, मी आणि पाटा-वरवंटा

आपली गाडी लिटरला अकरा देते हे मी सासऱ्यांना सांगायलाच नको होतं. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले पण डोक्यातला डेपो अजून चालूच आहे, ते लगेच म्हणाले "म्हणजे केपीटीएल एकशेदहा". दहा लिटरला किती किलोमीटर, एसटीत हिशोब असा असतो. "पन्नास माणसं घेऊन माझी गाडी पंचेचाळीस द्यायची, तुम्ही एकटे बसून एकशेदहा?"

आणि हे साताऱ्याहून पुण्याला निघताना, म्हणजे पुढचे एकशेदहा किलोमीटर ते माझ्या शेजारी बसणार होते.

तांदळाचं पोतं ठेवायला त्यांनी डिकी उघडली आणि आत पाटा-वरवंटा. सासूबाईंनीच दिलेला, तीन वर्षांपूर्वी, तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार म्हणून डिकीतच राहिला, तेव्हापासून साताऱ्याला सात-आठ वेळा तरी जाऊन आला असेल बिचारा. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारात उभ्या सासूबाईंकडे, आणि गुपचूप पोतं त्याच्यावर ठेवलं. इथेच मी कायमचा मिंधा झालो.

मग हवा. मी टायरची हवा आजवर नुसती बघून चेक करायचो. ड्रायव्हरच्या दाराआड स्टिकर असतो, त्यावर 33 लिहिलेलं, टायरात निघाली 24. "सायकलीत हवा नसली की मांड्या दुखतात ना, इंजिनाच्या पण दुखतात," अण्णा म्हणाले, आणि यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

हायवेला लागल्यावर पहिलं वाक्य, "क्लच हे पायपुसणं हाय का?" दुसरं, "पुढचा ट्रक थांबतोय दिसतंय तरी पाय ॲक्सिलेटरवरच, मग करकचून ब्रेक, आधी पेट्रोल जाळायचं आणि मग तेच ब्रेकवर घासून टाकायचं." ऐंशीच्या वर काटा गेला की नुसतं खाकरायचे. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत मी लर्निंग लायसनवाला झालो होतो.

म्हणून कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर इम्प्रेशन मारायचं ठरवलं. पुढे नवले पुलापर्यंत उतारच उतार, गाडी टाकली न्यूट्रलला, म्हटलं आता बघा बचत.

अण्णा ओरडले. म्हणजे तांदूळसुद्धा दचकले असतील. "गिअर टाका आधी! याच उतारावर न्यूट्रलमध्ये येऊन किती ट्रक लोकांच्या अंगावर गेलेत!" नंतर घरी मी वाचलं तर अजून वाईट वाटलं, कारण हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय काढला की उताराला पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते पीतच बसतं. म्हणजे जिवाची रिस्क घेऊन वर पेट्रोलही जास्त.

महिनाभर त्यांच्या पद्धतीने चालवली. टाकी फुल करून परत फुल होईपर्यंत मोजलं, चौदा पडले. उड्या मारत फोन केला.

"एकशेचाळीस," अण्णा म्हणाले, "बरं हाय." मग मागून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापूंना विचारा ना, पाट्यावरची चटणी कशी लागते?"

अण्णा म्हणाले, "घ्या, तुम्हीच सांगा," आणि फोन तिकडे दिला.