२१ दिवस नाही, खपली बघा

एमपॉक्सच्या (आधीचं नाव मंकीपॉक्स) पुरळाच्या फोडांत घसा किंवा रक्तापेक्षा कितीतरी जास्त विषाणू असतो हे तुमच्या लेखात अगदी बरोबर मांडलंय, पण मग शेवटी पेशंटसाठी “२१ दिवस वेगळं राहिलं की झालं” असं का लिहिलंत? २१ दिवस हे संपर्कात आलेल्या माणसावर लक्ष ठेवायचे असतात. ज्याला एमपॉक्स झालाय त्याचा हिशोब कातडीवर चालतो, सगळ्या खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत तो दुसऱ्याला लागण देऊ शकतो, कुणाचं दोन आठवड्यांत आटोपतं तर कुणाला चार किंवा जास्तही लागतात.

मी लॅबमध्ये काम करते, आमच्याकडे तपासणीला मुख्यतः फोडाचाच स्वॅब येतो, कधी सुटलेली खपली पण येते आणि ती दिसायला एकदम कोरडी असली तरी पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतो. आता पीसीआरला फक्त डीएनए दिसतो, विषाणू जिवंत आहे का ते त्यावरून कळत नाही हे मान्य, पण म्हणून खपलीला हलक्यात घेऊ नका प्लीज. घरी पेशंट असेल तर त्याची चादर झटकू नका, ग्लोव्हज आणि मास्क घालून हळूच गुंडाळून थेट मशीनमध्ये टाका. ताप उतरला म्हणून लगेच बाळाला जवळ घेणारे असतात हो, त्यांच्यासाठी तरी ती ओळ बदला.