‘पूर्ण मनाने प्रीती’ म्हणजे घर सोडणे नव्हे

वडोद्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘देवावर पूर्ण मनाने प्रीती करायची तर आईवडिलांचा, नोकरीचा मोह सोडा, लूक 14:26 वाचा.’ तो वाचून फतेगंजमधल्या एका आजींना मुलगा दुरावेल अशी धास्ती वाटली, म्हणून हा खुलासा.

बायबलमधल्या लूकच्या त्या वचनात येशूच्या शिष्याने आईबापांचा ‘द्वेष’ करावा असा शब्द आहे, हे खरे. पण तीच शिकवण मत्तय 10:37 मध्ये ‘माझ्यापेक्षा जो बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो’ अशी येते. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. आणि संदेश पाठवणाऱ्याने मार्क 7 वाचलेलाच दिसत नाही. आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे सडेतोड सुनावले आहे. देवाचे नाव पुढे करून म्हाताऱ्यांची औषधे बंद करणे, याला प्रीती कसे म्हणायचे?

देवावर पूर्ण मनाने प्रीती करण्याची मूळ आज्ञा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली, 6:5 मधली. तिच्या दोनच ओळी पुढे घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना असे शब्द आहेत. म्हणजे रोजचा संसारच. येशूने तिला लेवीय 19:18 मधली शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा जोडली. नोकरीबद्दल कलस्सै 3:23 पाहा: जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे तर दासांना लिहिले होते!

आजींच्या मुलाला हे सगळे दाखवले आहे. तुमच्याकडे तो संदेश आला असेल, तर त्याखाली मार्क 7:9 ते 13 नक्की पाठवा.