आमसुलाने न उतरणारं ‘पित्त’

‘मधमाशी डसून किंवा शेंगदाणे, कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठलं, दम लागला, तर आमसुलाचं पाणी लावा, सेट्रिझिन द्या. ॲड्रेनालिन टोचू देऊ नका, हार्ट ॲटॅक येतो. आधी कधी त्रास झाला नसेल तर भिऊ नका. तासाभरात उतरलं की संपलं.’ हा मेसेज मला घरच्याच ग्रुपवर आला. तो जीव घेऊ शकतो.

अंगावर नुसत्या गांधी उठल्या असतील तर आमसूल खुशाल लावा. पण आवाज घोगरा झाला, श्वास अडकला, चक्कर आली की ते पित्त राहत नाही, ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जीवघेणी ॲलर्जी होतं. शरीरभरच्या मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी, एकदम फुटल्यासारख्या हिस्टामिन आणि इतर रसायनं ओततात. रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात. दहा मिनिटांत रक्तातला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर झिरपू शकतो. काहींच्या अंगावर तर एकही गांध दिसत नाही.

सेट्रिझिन हे ॲलर्जीचं औषध फक्त हिस्टामिनला अडवतं, तेही सावकाश. खाज कमी होते; सुजलेला घसा मोकळा होत नाही, पडलेलं बीपी वर येत नाही. स्टेरॉइडला तर काही तास लागतात.

ही सगळी कामं एकटं ॲड्रेनालिन करतं: वाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, हृदयाला जोर देतं, मास्ट पेशींनाही आवरतं. हृदयाची भीती आली ती शिरेतून चुकीच्या मात्रेत दिल्याच्या प्रसंगांवरून. इथे ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. छाती धडधडते, हात थरथरतात, थोड्या वेळाने थांबतं. हृदयविकार असला तरी अशा वेळी ते टाळत नाहीत.

‘आधी त्रास नव्हता’ हा दिलासा उलटाच आहे. पहिल्या वेळी शरीर गुपचूप आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं बनवून मास्ट पेशींवर बसवून ठेवतं. स्फोट पुढच्या वेळी होतो. शार्ल रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रफूल (सी ॲनिमोनी) या सागरी प्राण्याचं विष टोचलं, तेव्हा पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी तेवढ्याच मात्रेने मेला. १९०२ साली त्यांनी हे मांडलं, रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

आणि उतरलेला त्रास काही तासांनी उलटू शकतो, म्हणून दवाखान्यात नजरेखाली ठेवतात. १०८ ला फोन लावा. गाडी येईतो रुग्णाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. फार दम असेल तर बसू द्या. पण उभं करून चालवत नेऊ नका. तेवढ्यानेही हृदयाकडे परतणारं रक्त तुटतं आणि माणूस तिथेच कोसळतो.