फ्रीझाचं एक बोट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी लांबलचक आणि इतकी तिखट प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. बाकी वाचक नुसता अंगठा दाखवून निघून जातात.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘ड्रॅगन बॉल झी’ या जपानी अॅनिमे मालिकेतला सगळ्यात भेदक खलनायकी हल्ला म्हणजे खलनायक फ्रीझाच्या बोटातून सुटणारा किरण, डेथ बीम, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं, हा निव्वळ आळशीपणा आहे. ना पवित्रा, ना ताकद गोळा करणं, ना हल्ल्याचं नाव घेऊन आरोळी. नुसतं बोट दाखवलं की समोरचा खलास. यात मार्शल आर्ट कुठे आलं? शिवाय सेल या नंतरच्या खलनायकाचा कामेहामेहा (दोन्ही हातांतून सोडायचा ऊर्जेचा झोत) याच्यापेक्षा दसपट भारी, आणि नामेक ग्रह फुटायला उरलेली, पण संपता न संपणारी ती ‘पाच मिनिटं’ म्हणजे प्रेक्षकांची चेष्टा.

मार्शल आर्ट कुठे आलं? कुठेच नाही. पण माझा मुद्दा नेमका तोच होता. कामेहामेहा बसवायला नायक गोकूचे गुरू मास्टर रोशी यांना 50 वर्षं लागली. गोकूच्या जोडीने लढणाऱ्या पिकोलोचा मकान्कोसाप्पो हा हल्ला बघा. तोही बोटांतूनच सुटतो, पण कपाळाला दोन बोटं लावून पिकोलो ताकद साठवत उभा राहतो आणि तोवर गोकूला राडिट्झ या शत्रूशी झुंजत राहावं लागतं. या मालिकेत ताकद कमवावी लागते. फ्रीझाने ती कमावलेली नाही, तो ती घेऊनच जन्माला आला. 2015च्या ‘रिसरेक्शन एफ’मध्ये तो स्वतःच सांगतो की मी आयुष्यात कधी सराव केलेला नाही. असा माणूस पवित्रा घेईल कशाला?

आणि त्याचा धंदा काय? ग्रह रिकामे करायचे आणि विकायचे. जपानमध्ये जमिनींचे भाव आकाशाला भिडले होते तेव्हा लोकांना हुसकावून जागा बळकावणारे दलाल माजले होते. फ्रीझा त्यांच्यावरून सुचला, असं मूळ लेखक अकिरा तोरियामा यांनी सांगून ठेवलंय. असली माणसं स्वतःच्या अंगाला घाम येऊ देत नाहीत. 1990च्या, गोकूच्या बापावरच्या म्हणजे बार्डॉकवरच्या टीव्ही विशेष भागात त्यांच्या सायान जमातीचा व्हेजिटा ग्रह कसा संपतो ते परत बघा. फ्रीझा तरंगत्या खुर्चीत बसलेला, एक बोट वर, त्यावर फुगत जाणारा गोळा. ग्रह फुटल्यावर झार्बन आणि डोडोरियाला तो अगदी अदबीने म्हणतो, बघा, काय सुंदर आतषबाजी आहे! मूळ जपानीत तो नोकरांनासुद्धा ‘सान’ (आपल्या ‘जी’सारखं) लावून बोलतो. र्‍यूसेई नाकाओंचा तो मऊ आवाज ऐकला की तुमची आरोळीची मागणी तुम्हीच मागे घ्याल.

आता तुम्ही ज्याला ‘काही घडतच नाही’ म्हणालात तो प्रसंग. गोकू नामेकवर लढायला उतरतो, फ्रीझा नेहमीसारखं बोट रोखतो आणि गोकू तो किरण हाताने उडवून लावतो. सायान राजपुत्र व्हेजिटा अर्धमेला पडलाय, तरी त्याला हसू आवरत नाही. फ्रीझा, आता तुझी खैर नाही, दंतकथेतला सुपर सायान आलाय! पुढच्या क्षणी किरण व्हेजिटाच्या छातीतून आरपार. तो किरण गोकूवर चालला नाही म्हणून हसणाऱ्यावर सोडला. यात युद्धाची गरज नव्हती, डावपेच नव्हता, निव्वळ चरफड होती. मरता मरता व्हेजिटा ढसाढसा रडतो, फ्रीझाने आपल्या लोकांचं काय केलं ते गोकूला सांगतो, आणि गोकू त्याला तिथेच माती देतो. यात काही घडत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर माझा नाइलाज आहे, राव.

तिथून पुढे ते बोट हळूहळू निकामी होत जातं. शेवटी फ्रीझा पाठलाग करणाऱ्या चकत्या सोडतो. आधी त्याची शेपटी गोकूच्या मित्राच्या, क्रिलिनच्या चकतीने छाटली होती, त्याच जातीचं हे हत्यार. आणि त्यातलीच एक चकती त्याचे दोन तुकडे करते! पृथ्वीवर येतो तेव्हा बोटावरचा तो प्रचंड गोळा भविष्यातून आलेला ट्रंक्स चक्क उचलून धरतो. मग फ्रीझा त्यात किरण सोडून तो फोडतो आणि ट्रंक्स मेला असं समजून मोकळा होतो. पुढचं काम तलवार करते.

पाच मिनिटांबद्दल तुमच्याशी भांडत नाही. ती कितीतरी भाग चालली, आणि मूळ मंगात, म्हणजे चित्रकथेत, इतकं पाणी नाही. पण ती मुळात आली कुठून? नामेक एका फटक्यात फुटायला हवा होता. तो फुटला नाही, कारण त्या स्फोटात आपणच सापडू या भीतीने फ्रीझाने हात आखडता घेतला, आणि गोकू ते त्याच्या तोंडावर सांगतो. आतषबाजी बघत बसणाऱ्याला पहिल्यांदाच स्वतःच्या जिवाचा हिशेब करावा लागतो. हे लेखकाने छानच साधलंय. त्याची शेवई ओढली ती अॅनिमेवाल्यांनी.

राहता राहिला सेल. त्याचा कामेहामेहा दिसायला भव्य आहे, मान्य. पण तो उसना आहे. गोकूच्या पेशींतून आलेला. आणि स्वतःला उडवून दिल्यावर सेल परत येतो तो क्षण आठवा. धुरळ्यातून एक बारीक किरण येतो आणि ट्रंक्सची छाती भेदून जातो. पवित्रा नाही, आरोळी नाही. सेलच्या अंगात फ्रीझाच्याही पेशी आहेत, हे तुमच्या प्रतिक्रियेत राहून गेलं.